कमलआत्यांचा धूप

रविवारी आत्यांच्या फोटोसमोर चार शब्द बोला, असं शेजारची रसिका सांगून गेली आणि नीळकंठरावांनी धास्तीच घेतली. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांचं असंच व्हायचं. कारखान्यातून निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाच्या समारंभात ते उभे राहून 'आभारी आहे' एवढंच म्हणाले होते आणि खाली बसताना खुर्ची चुकली होती. पण या वेळची धास्ती निराळी होती. व्हरांड्यात बसून ते शब्दांची जुळवाजुळव करू लागले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कमलआत्यांचं आडनावसुद्धा ठाऊक नाही.

दीड-दोन वर्षांचा शेजार. मधे एकच भिंत. तरी त्या देवरुखकडच्या, रसिकाच्या वडिलांची बहीण, यापलीकडे काही माहीत नव्हतं. यजमान कधी गेले, मूलबाळ होतं की नव्हतं, शाळा किती झाली, काही नाही. विचारावंसं त्यांना कधी वाटलं नाही असं नव्हे. पण कुणाला असं विचारायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची, हेच त्यांना उभ्या आयुष्यात उमगलं नव्हतं. ते खातं त्यांच्या पत्नीकडे, वसुधाबाईंकडे होतं. त्या गेल्यापासून शेजारपाजारची बातमी घरात येणंच बंद झालं होतं.

हाक मारायचीही पंचाईत होती. सगळं घर आत्या म्हणायचं म्हणून तेही म्हणू लागले. एकदा कुंपणावरून त्यांनी तशी हाक मारली, तर कमलआत्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "अहो भाऊ, तुम्ही माझ्यापेक्षा चांगले दहा पावसाळे पुढे. तुमची कशी हो मी आत्या?"

नीळकंठराव कानापर्यंत लाल झाले. त्या दिवसापासून त्यांनी त्यांना हाकच मारली नाही. 'अहो'वर भागवलं.

भोपाळच्या नेहरू नगरातली ती घरं जोडीजोडीने बांधलेली. पूर्वेचं नीळकंठरावांचं, पश्चिमेचं जितेंद्र आणि रसिकाचं. सकाळचं ऊन सगळं नीळकंठरावांच्या व्हरांड्यात पडायचं. पलीकडच्या घराला ते दुपार कलल्यावर मिळायचं, आणि समोर तीन मजली इमारत उठल्यापासून तेही जेमतेम. जितेंद्र नागपूरकडच्या घरातला, पण जन्म आणि शिक्षण भोपाळचं, त्यामुळे त्याचं मराठी हिंदीचा टेकू घेऊनच चालायचं. तो मंडीदीपला एका कारखान्यात इंजिनिअर. रसिका शाहपुऱ्यात एका ऑफिसात.

त्यांच्या घरात मूल येण्याआधी कुत्री आली होती. जवाहर चौकात मिठाईवाल्याच्या गाडीखाली एक तांबूस पिल्लू स्वतःभोवती वेटोळं करून झोपलेलं रसिकाला दिसलं. अगदी वरच्या परातीतल्या इमरतीसारखं. नावही तेच पडलं. आशय जन्मला तेव्हा इमरती या घरात पुरती मुरलेली होती. बाळ इस्पितळातून घरी आलं, तिने दुपट्याचा वास घेतला आणि पाळण्याखाली जी बसली ती तिथलीच झाली.

रसिकाची रजा संपली आणि कमलआत्या आल्या. सोबत एक ट्रंक, एक कोकमांची बरणी आणि कुत्र्याविषयीचा पक्का राग. "घरात कुत्रं? अंथरुणाशी? शिव शिव." पहिला महिनाभर त्या हातात केरसुणी घेऊनच घरात वावरत. इमरतीचं नाव त्यांच्या जिभेला वळेना. त्या तिला अमृती म्हणू लागल्या.

पुढे काय झालं ते नीळकंठरावांनी भिंतीतून ऐकलं. नवरा-बायको नऊला बाहेर पडत आणि दिवेलागण होऊन गेल्यावर येत. मधला सगळा दिवस आत्या, मूल आणि कुत्री. शेजारपाजारी सगळे हिंदी बोलणारे, आणि आत्यांचं हिंदी म्हणजे मराठीला 'है' जोडलेलं. दूधवाल्याला त्यांनी एकदा "कल का दूध नासलं है" असं सुनावलं होतं. तेव्हा दिवसभर मराठी ऐकून घेणारे दोघंच उरले. हळूहळू भिंतीपलीकडून आवाज येऊ लागले, "अमृते, त्याचं बोट चाटू नको, आत्ता जेवलाय तो." "अमृते, बघ गो, उठला का आपला राजा." केरसुणी पुन्हा कोपऱ्यात गेली. आशय उभा राहायला शिकला तो इमरतीच्या पाठीचा आधार घेऊन. तो पडला की ती थांबे, उठला की पुढे सरके. हे आत्यांनी कुंपणाशी येऊन सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. नीळकंठराव "वा" म्हणाले. पुन्हा एकदा "वा" म्हणाले आणि आत गेले.

मग त्या पावसाळ्यात आशयची छाती वाजू लागली.

आधी सर्दी, मग खोकला, मग श्वासासरशी बारीक शिट्टी. नीळकंठरावांना ती भिंतीतून ऐकू यायची. खरंच ऐकू यायची की नुसती वाटायची, हे त्यांना सांगता आलं नसतं. ते मुळातच घाबरट. गॅसचं बटण दोनदा बघणारे, कुलूप तीनदा ओढणारे. आता हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून ते भिंतीकडे कान करून बसू लागले. शिट्टी थांबली की बरं वाटण्याऐवजी जास्तच भीती वाटायची.

रसिका आणि आत्या मुलाला जवाहर चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. त्या भेटीचा किस्सा जितेंद्रने कुंपणावरून सांगितला.

"काका, आमच्या आत्यांनी क्लिनिकमध्ये कमालच केली. डॉक्टरनी विचारलं, घर में कुत्ते के बाल तो नहीं उड़ते? तर आत्या म्हणतात, नाही हो बाई, उसको बाळ नहीं है, ऑपरेशन हो गया है उसका!"

मागून आत्या ओरडल्या, "हस मेल्या! केसाला बाल म्हणतात हे मला कुणी सांगितलं होतं?"

जितेंद्र हसला, पण लगेच गंभीर झाला. "जोक अलग है काका, पण ते केसांचं खरंच बघावं लागेल. ऑफिसात सगळे म्हणतात, बच्चा और कुत्ता एक घर में, रिस्क है."

दुसऱ्या दिवशी आत्यांनी आपली बाजू सांगितली. रसिका औषधं घ्यायला बाहेरच्या खिडकीशी गेली तेव्हा डॉक्टरीणबाई त्यांच्याशी दोन शब्द बोलल्या होत्या. "फार चांगल्या आहेत हो भाऊ. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या, आपलं जुनं काही मानायच्या नाहीत. पण आपण होऊन म्हणाल्या, बाळाला रोज धूप दाखवा."

"हो का? बरं झालं," नीळकंठराव म्हणाले.

चाळीस वर्षं भोपाळात काढलेला माणूस. पण आत्यांनी मराठीत सांगितलं आणि त्यांनी मराठीतच ऐकलं. त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या लहानपणचं धुपाटणं आलं, निखाऱ्यावर ओवा तडतडल्याचा वास आला, आणि त्यांना उगाच धीर वाटला.

तो वास आता रोज येऊ लागला. आशयची अंघोळ झाली की आत्या गॅसवर करवंटीचा तुकडा पेटवायच्या, निखारा धुपाटण्यात घालायच्या, वर ओवा, वावडिंग आणि धुपाची पूड. त्या धुरावर मुलाला धरायच्या. संध्याकाळी दिवा लावला की पुन्हा. रसिका घरी यायची तेव्हा घरात धुपाचा वास असायचा. तिला त्यात नवल वाटलं नाही, तिचं बालपण त्याच वासातलं. जितेंद्रला मात्र घरात पाऊल टाकलं की कुत्र्याचाच वास यायचा. तसं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

शिट्टी काही जाईना. दसऱ्यानंतर थंडी पडू लागली तशी ती वाढली. दोनदा मुलाला क्लिनिकमध्ये नेऊन वाफ द्यावी लागली. दुसऱ्या वेळी परत आल्यावर भिंतीपलीकडे आवाज चढले. जितेंद्र म्हणत होता, "बस्स झालं. सीहोरला ऑफिसातल्या चौबेचं फार्महाऊस आहे. मोकळी जागा आहे, मजेत राहील ती. आणखी एकदा असं झालं ना, की पुढच्या रविवारी मी तिला सोडून येणार."

आत्यांचा आवाज आला. "अरे, ती तिथे कुणाशी बोलेल?"

"कोण? कुत्री?" जितेंद्र म्हणाला. "आत्या, प्लीज."

दुसऱ्या दिवशी आत्या कुंपणाशी आल्या. कडेवर आशय, पायाशी इमरती. मुलाच्या नाकपुड्या फुलत होत्या, हे नीळकंठरावांनी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. बोलताना आत्यांचा हात त्याच्या पाठीवरून हलत नव्हता.

"त्याला बरं वाटलं म्हणजे ही राहील," त्या म्हणाल्या. "नाही वाटलं तर जाईल. म्हणजे सगळं माझ्यावरच आलं ना हो? दिवसभर मीच असते. आमचा शांताराम असाच वाजायचा. माझ्या पाठचा. पाच वर्षांचा होता."

नीळकंठरावांनी मान हलवली. 'होता' हा शब्द त्यांनी ऐकला. पुढे विचारायला हवं होतं, पण तोंड उघडेपर्यंत आत्याच म्हणाल्या, "जाते. धुपाची वेळ झाली. आजपासून दुपारीही दाखवणार आहे. जरा जोर लावून बघते."

आणि त्यांनी जोर लावला. थंडी म्हणून खिडक्या आधीच बंद असत. आता औषध वाया जाऊ नये म्हणून त्या दाराखाली गोणपाटही लावू लागल्या.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी नीळकंठराव जेवून उठत होते. दारावर थापा पडल्या. उघडतात तो आत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर, कडेवर आशय, आणि त्याची मान मागे कललेली. मूल रडत नव्हतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात होती. इमरती त्यांच्या पायांत येऊन भुंकत होती, तिला आवरायला कुणाला हात मोकळा नव्हता.

"भाऊ, दवाखान्यात चला. मला त्यांच्याशी बोलता येत नाही. चला तुम्ही."

नीळकंठराव पायात सापडल्या त्या चपला घालून धावले. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. "काँ चलना है, चच्चा?" असं म्हणणाऱ्या रिक्षावाल्याने मुलाकडे पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. हॉर्नवरचा हात त्याने जवाहर चौक येईपर्यंत काढला नाही. वाटेत नीळकंठरावांनी रसिकाला फोन लावला. बोट चुकून तो दोनदा दुसऱ्यालाच लागला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा "अगं, क्लिनिक" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. शेजारी आत्या मुलाच्या कानाशी पुटपुटत होत्या. नीळकंठरावांना वाटलं स्तोत्र आहे. नीट ऐकलं तर त्या म्हणत होत्या, "घे राजा. घे. आणखी एक घे." श्वासाबद्दल बोलत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी रांगेतले सगळे थांबवून मुलाला आत घेतलं. तोंडावर मास्क लावला, यंत्र घरघरू लागलं, मास्कच्या कडेने पांढरी वाफ निघाली. थोड्या वेळाने आशयने पाय झाडले आणि मोठ्याने भोकाड पसरलं. आत्या मास्क काढायला पुढे झाल्या.

"रोने दीजिए, माँजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रो रहा है, मतलब साँस जा रही है."

दुसऱ्या वाफेनंतर मुलाचा रंग परतला. तो आत्यांच्या खांद्यावर मान टाकून पेंगू लागला. तेव्हा कुठे डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या आणि नीळकंठरावांना घरचा माणूस समजून विचारू लागल्या. घरात कुणी सिगारेट, विडी? नाही. ओल, बुरशी? नाही. कुत्रा कधीपासून?

"बच्चे से पहले से," नीळकंठराव म्हणाले. मग एकदम धीर करून त्यांनी विचारलं, "उसको निकालना पड़ेगा क्या? घर में यही बात चल रही है."

आत्यांना 'निकालना' कळलं. त्यांनी आशयला घट्ट धरलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "देखिए, जो बच्चा पहले दिन से जानवर के साथ रहा हो, उसके शरीर को कई बार आदत हो जाती है. कुछ बच्चों में तो फ़ायदा भी दिखा है. पर हर बच्चे में नहीं. और एलर्जी एक बार बैठ गई, तो फिर वही जानवर तकलीफ़ देगा. मैं जाँच के बिना न हाँ कहूँगी, न ना. पर कुछ और भी है घर में. दवा चल रही है और बच्चा बिगड़ता जा रहा है." मग त्या आत्यांकडे वळल्या. "माँजी, मैंने कहा था, धूप दिखा रही हैं इसको?"

हा प्रश्न आत्यांना पुरता समजला. त्यांचा चेहरा उजळला. "हाँ हाँ. रोज दिखाती है. सकाळी, संध्याकाळी. आता दुपारी पण."

"शाम को?" डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. "शाम को कौन सी धूप?"

"ओवा है, वावडिंग है," आत्या बोटांवर मोजत म्हणाल्या, "और वो धूप का पावडर. एकदम शुद्ध है. खिडकी बंद करके देती है. सगळा छाती में जाता है."

डॉक्टरीणबाईंनी नीळकंठरावांकडे पाहिलं. नीळकंठराव त्यांच्यामागच्या खिडकीकडे पाहत होते. खिडकीच्या गजांतून दुपारचं ऊन जमिनीवर पडलं होतं. हिंदीत त्याला काय म्हणतात ते त्यांना चाळीस वर्षांपासून माहीत होतं, आणि आत्ताच कळलं होतं.

"क्या देती हैं ये? धुआँ?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "इतने छोटे बच्चे को धुआँ? यही तो साँस की नली को..." मग आत्यांचा चेहरा पाहून त्या थांबल्या. "आप समझाइए इनको," त्या नीळकंठरावांना हळूच म्हणाल्या.

समजावून सांगणं. आयुष्यात जे काम त्यांनी नेहमी दुसऱ्यावर ढकललं होतं ते नेमकं इथे, अशा वेळी त्यांच्यापुढे आलं. त्यांनी घसा साफ केला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अहो," ते म्हणाले. "इथे धूप म्हणजे ऊन."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"त्या म्हणाल्या होत्या, सकाळचं ऊन दाखवा. कोवळं."

"ऊन?"

"हो."

"मग धूर?"

आत्यांनी खाली मुलाच्या टाळूकडे पाहिलं. त्याच्या केसांना अजून धुपाचा वास येत होता. त्यांनी वास घेतला आणि तोंड बाजूला केलं. रडल्या नाहीत. रसिका धापा टाकत येऊन पोचली तेव्हाही रडल्या नाहीत. परतीच्या रिक्षात त्यांनी मुलाला रसिकाच्या मांडीवर दिलं आणि आपले हात पदराखाली घेतले.

घराशी उतरताना त्या नीळकंठरावांना हलक्या आवाजात म्हणाल्या, "जितेंद्र आला की तुम्ही या. बोलू नका काही. नुसते बसा."

नीळकंठराव जाऊन बसले. जितेंद्र बूटही न काढता आत आला, मुलाच्या छातीला कान लावला, आणि उठून थेट इमरतीचा पट्टा खुंटीवरून काढला. "रविवारची वाट कशाला बघायची? आत्ताच फोन करतो चौबेला."

"ती जायची नाही," आत्या म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. "जायचंच कुणी, तर मी जाईन. त्याला धूर मी केला. रोज तीन वेळा. खिडक्या लावून."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, आपण काय ऐकलं, दाराखाली गोणपाट कसं लावलं, तेही. काही गाळलं नाही. सांगणं नीळकंठरावांवर ढकलता आलं असतं, तेही त्यांनी केलं नाही.

"आत्या, धूप!" जितेंद्र पट्टा हातात धरून उभा होता. "धूप मतलब... यार, कोई भी बता देता!"

"मला विचारायचंस तरी," रसिका म्हणाली आणि रडू लागली. "एकदा तरी विचारायचंस ना!"

"कुणाला विचारू गं? तुम्ही येता तेव्हा तो झोपलेला असतो. दमून येता. मला वाटलं, मला एवढं तरी कळतंय." आत्यांचा आवाज इथे पहिल्यांदा फाटला. "मला परत पाठवा. मी काही म्हणणार नाही. पण तिला नको. तिने काही केलं नाही."

इमरती आपलं नाव निघाल्यासारखी उठून आत्यांच्या पायाशी जाऊन बसली. जितेंद्रने पट्टा परत खुंटीला अडकवला. "तपासणी होऊ दे," तो म्हणाला. "तोपर्यंत कुणी कुठे जाणार नाही. आणि आत्या, तुम्ही तर मुळीच नाही."

ते दिवस सगळ्यांनाच जड गेले. रक्त तपासायला दिलं होतं, निकाल यायचा होता. आत्यांनी धुपाटणं घासून लख्ख केलं आणि नीळकंठरावांकडे आणून दिलं. "तुमच्याकडे असू द्या. दिवेलागणीला हात आपोआप जातो." संध्याकाळी धुपाच्या वेळी आता त्या आशयच्या पाठीला कान लावून बसायच्या. शिट्टी नाही असं वाटलं तरी उठायच्या नाहीत. मधेच इमरतीच्या अंगावरून हात फिरवायच्या आणि ताडकन उठून हात धुवायच्या.

निकालात कुत्र्याचं काही निघालं नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की हे आजचं झालं, पुढचं सांगता येत नाही. कुत्री मुलाच्या खोलीत झोपायची नाही, अंथरुणं उन्हात टाकायची, आणि घरात उदबत्तीसुद्धा नको. याला दमा म्हणायचं की नाही हे मूल मोठं झाल्यावर कळेल, तोवर डोळ्यांत तेल घालून बघा. त्यामुळे काळजी गेली नाही. फक्त तिला रोज बसायला एक जागा मिळाली, आणि ती जागा नीळकंठरावांच्या व्हरांड्यात होती.

कारण सकाळचं ऊन तिथेच यायचं. तो सगळा हिवाळा आत्या आशयला घेऊन यायच्या. नीळकंठराव वेताची खुर्ची बाहेर काढून ठेवायचे. इमरती पायरीवर. मूल उन्हात, अंगावर झबलं तेवढं. आत्या त्याच्या छातीकडे बघत बसायच्या आणि नीळकंठराव आत्यांच्या चेहऱ्याकडे. तिथे काळजी दिसली की तेही घाबरायचे. बोलणं फार होत नसे. आज वारा आहे. आज धुकं होतं. आज रात्री एकदाच खोकला. थंडीत मुलाची छाती अधूनमधून वाजलीच, पण मान मागे टाकण्याची वेळ पुन्हा आली नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी आत्या जेवून लवंडल्या त्या उठल्या नाहीत. इमरती भुंकत राहिली म्हणून नीळकंठराव गेले. आशय त्यांच्या कुशीत शांत झोपला होता. आधी नीळकंठरावांनी त्याच्याच छातीकडे पाहिलं. ती नीट वरखाली होत होती. मग त्यांनी आत्यांकडे पाहिलं.

आता रविवारी त्यांना बोलायचं आहे. फोटोसमोर उदबत्ती नसेल, हे घरात कुणी न बोलता ठरलं आहे. काल रसिका आली तेव्हा त्यांनी धीर करून विचारलं, "शांतारामचं काय झालं होतं गं?"

"कोण शांताराम?"

"आत्यांचा भाऊ. पाठचा."

"आत्याला बाबा एकटेच भाऊ होते, काका," रसिका म्हणाली. "घरात कधी असं नाव नाही ऐकलं मी."

आत्यांनंतर आता ते नाव आपल्याकडेच उरलं आहे, हे नीळकंठरावांना उमगलं. धुपाटणं त्यांच्या कपाटात आहे. ते परत द्यायचं की ठेवायचं हेही त्यांना ठरवता आलेलं नाही. आडनाव मात्र त्यांनी विचारून घेतलं. पण बोलायला उभं राहिल्यावर तेही आठवेल की नाही, याची त्यांना खात्री नाही. पक्कं आठवतं ते एवढंच की आत्या गेल्या त्या दिवशी सकाळी व्हरांड्यातलं ऊन पायरीखाली उतरलं, आत्यांनी आशयला उचललं, इमरतीला "चल गो" म्हटलं आणि फाटकाशी थांबल्या.

"भाऊ, खुर्ची आत घेऊ नका हां. पाय दुखतात तुमचे. राहू दे बाहेरच."

"दव पडतं रात्री."

"पडू दे. सकाळी मी पुसून घेईन."